रूटने कॉपी केलेला मेलबॉक्स उघडताना डव्हकॉट 'परमिशन डिनाइड' का दाखवतो?

रूट, म्हणजे लिनक्सवरील सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून साध्या कॉपीने आणलेल्या फाइलींची मालकी रूटकडेच राहते, आणि डव्हकॉट, म्हणजे मेलबॉक्स उघडून देणारा सर्व्हर प्रोग्राम, ज्या वापरकर्त्याच्या नावाने टपाल वाचतो, बहुधा 'व्हीमेल', त्याला तेथे प्रवेश मिळत नाही. नागपुरातील एका महाविद्यालयाचा मेल सर्व्हर सांभाळताना मी प्रथम लॉगच पाहतो, कारण 'मिसिंग प्लस एक्स पर्म' (missing +x perm, म्हणजे फोल्डरमध्ये शिरण्याची परवानगी नाही) या शब्दांपुढे अडलेल्या फोल्डरचा मार्ग स्पष्ट लिहिलेला असतो. पुष्कळदा ते मेलबॉक्सच्या वरचे फोल्डर निघते. म्हणून 'नेमआय -एल' (namei -l) या आज्ञेने संपूर्ण मार्गावरील मालकी व परवानग्या तपासाव्यात आणि मगच 'चाऊन -आर' (chown -R) या आज्ञेने मेलबॉक्सची मालकी व्हीमेलकडे द्यावी. ७७७ परवानगी, म्हणजे सर्वांना सर्व अधिकार, कृपया देऊ नये, कारण त्यामुळे लोकांची खाजगी पत्रे सर्व्हरवरील कोणालाही वाचता येतात. एसईलिनक्स ही लिनक्सची जादा सुरक्षा व्यवस्था सुरू असल्यास मात्र मालकी बरोबर असूनही त्रुटी राहू शकते. तेव्हा तिने अडवलेल्या गोष्टींची नोंद असलेला ऑडिट लॉग पाहावा.