बर्फाच्या खेळाला तेलवाल्यांचे पैसे?

प्रश्न: ताई, फेब्रुवारीत मुलाबरोबर मिलान-कोर्टिनाचं हिवाळी ऑलिंपिक बघत होते. तो म्हणाला, आई, याची स्पॉन्सर एनी आहे, इटलीची तेल कंपनी. ज्यांच्या धंद्यामुळे बर्फ वितळतोय तेच बर्फाच्या खेळाला पैसे देतात? आमचे हे म्हणाले, कुणीतरी द्यायलाच लागतात ना, कुठूनही येईनात का. यात बरोबर कोण? – एक वाचक, नाशिक

उत्तर: मुलगा बरोबर आहे, आणि तुमचे हे अर्धे.

आधी अर्धं. स्कीइंग महागडा खेळ आहे, पैसे लागतातच. आणि हे काही आज सुरू झालेलं नाही, 1988 ला कॅनडातल्या कॅलगरी ऑलिंपिकची मशाल पेट्रो-कॅनडा या तेल कंपनीच्या पैशावर फिरली, 2014 ला रशियातल्या सोचीत तिथलीच तेल कंपनी रोसनेफ्ट होती. एकट्या एनीने आल्प्सचा बर्फ वितळवला असंही म्हणता येणार नाही, कोळसा-तेल-गॅस सगळं मिळून ते होतंय, त्यात तुमची-माझी स्कूटर पण आली.

पण मग कंपनीला यातून मिळतं काय? ऑलिंपिकच्या मैदानात जाहिरातीचे बोर्ड लावूच देत नाहीत, तरी पैसे ओततात, कारण त्यांना पेट्रोल नाही विकायचंय, नाव धुवून घ्यायचंय. यंदाच्या मशालीत एनीचाच बायो-एलपीजी होता, वापरलेलं खाद्यतेल वगैरेपासून बनवलेला. म्हणजे आपण भजी तळून उरवतो ना, त्या जातीचं तेल. आयडिया झकास आहे, खोटी पण नाही, फक्त कंपनीचा मुख्य धंदा अजूनही जमिनीतून तेल नि गॅस काढायचाच आहे, आणि लोकांच्या डोक्यात राहते ती मशाल.

आता बर्फाचं बघा. याच कोर्टिनात 1956 ला ऑलिंपिक झालं तेव्हा स्पीड स्केटिंग मिझुरिना तलावाच्या गोठलेल्या पाण्यावर झालं होतं, यंदा ते मिलानजवळ एका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, छताखाली. (सगळा दोष हवेचा नाही हां, इनडोअर बर्फ गुळगुळीत मिळतो म्हणून रेकॉर्ड पण तिथेच होतात.) बीजिंगला 2022 मध्ये तर जवळजवळ सगळा बर्फ मशीनचा. ते मशीन पाण्याचे बारीक थेंब हवेच्या जोराने उडवतं, जमिनीवर पडेपर्यंत ते गोठतात, पण त्यालाही थंडी लागतेच, नुसतं बटण दाबून बर्फ नाही पडत. आणि लांब कशाला, गुलमर्गची खेलो इंडिया विंटर गेम्स 2025 ला बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावी लागली.

'कुठूनही येईनात का' यावर म्हणाल, तर विल्स आठवतं का? नाइंटीजमध्ये आपल्या टीमच्या टीशर्टवर सिगारेटचं नाव होतं, 1996 चा वर्ल्डकपच विल्स वर्ल्डकप होता, आणि आपण सगळे टीव्हीसमोर बसून बघत होतो, कुणाला काही खटकलं नाही. पुढे 2003 च्या कायद्याने तंबाखूवाल्यांची स्पॉन्सरशिपच बंद केली. तेव्हाही हेच म्हणायचे, पैसे कोण देणार? आज आपल्या क्रिकेट बोर्डाकडे बघून कुणी म्हणेल का पैसे कमी पडले म्हणून?

अर्थात स्कीइंग म्हणजे क्रिकेट नाही, तिथे स्पॉन्सर इतक्या सहज मिळत नाहीत, तेवढं यांचं खरं. पण कपाटात तेव्हाचा एखादा टीशर्ट असेल तर काढायला सांगा त्यांना, आणि मुलाला विचारू द्या, बाबा, हे विल्स काय आहे?