करणी, चेटूक आणि एक चुकलेली वेलांटी

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंनी विचारले आहे, की त्या आपल्या मैत्रिणींसाठी एक शिबिर भरवीत आहेत. उंबरठ्यावरची रांगोळी, कुंडीतली तुळस, संध्याकाळचा दिवा, वहीतल्या चार ओळी अशा रोजच्या कृतींकडे, इंग्रजीत ज्याला ‘विचक्राफ्ट’ म्हणतात त्या दृष्टीने पाहून, स्वतःचे बळ ओळखायला शिकायचे, असा त्यांचा बेत आहे. फलकावर त्यांनी ‘रोजचे चेटूक आणि सर्जनशीलता : महिला सशक्तिकरण शिबिर’ असे रंगवून घेतले असून, ‘चेटूक’ योग्य की ‘जादूटोणा’ बरा, एवढेच त्यांना हवे आहे.

चेटकाचे नंतर पाहू, कारण आधी मला ‘सशक्तिकरण’ खुपते. साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चालत गेले तरी ही पहिली वेलांटी कुठल्या ना कुठल्या फलकावर भेटतेच, आणि ८ मार्च जवळ आला की तिला बहर येतो. हा शब्द ‘शक्ती’ आणि ‘करण’ यांचा नाही. तो ‘सशक्त’ आणि ‘करण’ यांचा आहे. जे आधी तसे नव्हते ते तसे करणे, या अर्थी पाणिनीने ‘कृभ्वस्तियोगे सम्पद्यकर्तरि च्विः’ या सूत्राने ‘च्वि’ प्रत्यय सांगितला आहे, आणि त्याच्यापूर्वीच्या अकाराचा दीर्घ ईकार होतो. म्हणून शुद्धचे शुद्धीकरण, सबलचे सबलीकरण आणि सशक्तचे सशक्तीकरण. रुंदीकरण आणि डांबरीकरण करणारे ठेकेदारसुद्धा ही वेलांटी चुकवीत नाहीत (रस्ता चुकवतात, ती गोष्ट वेगळी).

काही शुद्धलेखनप्रेमी या चुकीचे समर्थनही करतात. ‘शक्ती’ हा तत्सम शब्द समासात पूर्वपदी आला की ऱ्हस्व लिहावा, असा साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांचा दाखला ते देतात. नियम बरोबर आहे आणि ‘शक्तिपीठ’, ‘भक्तिमार्ग’ यांना तो लागूही होतो. पण इथे तो लावला तर आरंभीच्या ‘स’चे काय करायचे, हे मात्र त्यांच्यापैकी कोणी सांगत नाही.

या ‘च्वि’ची गंमत अशी, की त्यातले चकार, वकार आणि इकार हे सगळेच लोप पावतात. प्रत्यय म्हणून त्याचे एकही अक्षर शिल्लक राहत नाही. फक्त आधीचा शब्द पालटलेला दिसतो. स्वतः नाहीसा होऊन दुसऱ्याला बदलून जाणारा याच्याहून मोठा जादूगार मला व्याकरणात भेटलेला नाही.

आणि त्या प्रत्ययापुढचे ‘करण’ पाहावे. त्याच ‘कृ’ धातूची आपली ‘करणी’. ‘देवाची करणी आणि नारळात पाणी’ म्हणताना ती निर्मिती असते, ‘जशी करणी तशी भरणी’ म्हणताना आचरण असते, उत्तरेकडचा गवंडी आपल्या थापीलाच ‘करनी’ म्हणतो, आणि आमच्या वाई-जावळीकडे एखादी पोर अकारण वाळू लागली की म्हातारी दबक्या आवाजात म्हणते, “कुणीतरी कायतरी केलंया.” या शेवटच्या वाक्यावरून आमच्या एका कोशप्रेमी स्नेह्यांनी ठरवून टाकले आहे, की करणी म्हणजे भीतीपोटी नाव न घेता वापरलेला झाकलेला शब्द. मला हे मुळीच पटत नाही. अथर्ववेदात दुसऱ्यावर सोडायच्या जादूला ‘कृत्या’ म्हटले आहे, आणि कृत्या म्हणजे घडवलेली वस्तू. दहाव्या कांडाच्या पहिल्याच सूक्तात ती वधूसारखी सजवलेली, डोके, नाक, कान असलेली आणि ‘हस्तकृता’, म्हणजे हातांनी बनवलेली, अशी वर्णिली आहे. ती करणाऱ्याकडेच परत जावो, अशी प्रार्थनाही तिथेच आहे. आपण ‘करणी उलटली’ म्हणतो ते काही आजचे नव्हे. अमरकोशातले ‘कार्मण’ हे जादूचे नावही ‘कर्म’ या शब्दापासूनच आले आहे. तेव्हा इथे झाकलेले काहीच नाही. आपल्या पूर्वजांना हाताने घडवणे आणि मंत्राने घडवणे या एकाच क्रियापदाच्या दोन बाजू वाटत होत्या, असे माझे मत आहे आणि ते मी सहजी सोडणार नाही.

मौज म्हणजे ‘विचक्राफ्ट’मधला ‘क्राफ्ट’ही जुन्या इंग्रजीत आधी बळ, सामर्थ्य या अर्थाचा होता, कसब आणि हस्तकला हे अर्थ त्यातून पुढे आले, आणि जर्मन भाषेत ‘क्राफ्ट’ म्हणजे आजही शक्तीच. म्हणजे ताईंच्या इंग्रजी शब्दात बळ आधीपासूनच होते. फलकावर सशक्तीकरण वेगळे लिहिण्याचीही गरज नव्हती.

‘चेटूक’ मात्र मला या कामाला चालणार नाही. त्याचा संबंध ‘चेटक’ म्हणजे चाकर या शब्दाशी जोडला जातो; संस्कृत नाटकांतले चेट आणि चेटी त्याच घरचे. स्वतःचे बळ ओळखायला निघालेल्या बायकांनी दारावर चाकरीचा शब्द का लावावा? ‘जादूटोणा’ तर आता कायद्याच्या नावातच बसला आहे. त्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटलेले अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. आमच्या गावात हा शब्द हौसेने वापरणे मला जमणार नाही. ‘करणी’च्या संशयावरूनही बायकांनी मार खाल्ला आहे, हे मी विसरलेलो नाही, म्हणून नुसते ‘करणी’ न लिहिता, अथर्ववेदातल्या त्या विशेषणाला स्मरून, ‘हातची करणी’ लिहावे असे सुचवतो.

ते पटले नाही आणि ‘चेटूक’च ठेवायचे झाले, तर ताईंची मर्जी. पेंटर अजून बिल घेऊन गेला नसेल, तर त्याच्याकडून ‘क्त’च्या आधीची वेलांटी पुसून ती नंतर काढून घ्यावी.