फाइल ‘तुटली’ की ‘मोडली’?

रुग्णांसाठी रूट कॅनालचं मराठी माहितीपत्रक लिहिणाऱ्या एका दंतवैद्याने दोन प्रश्न विचारलेत. पुन्हा पुन्हा वाकून धातू कमजोर होतो त्या ‘सायक्लिक फटीग’ला ‘चक्रीय थकवा’ म्हणावं का? आणि मुळातली नलिका साफ करायला मशीनवर फिरणाऱ्या, सुईसारख्या बारीक फाइलचा तुकडा दाताच्या मुळात राहिला, तर ती ‘तुटली’ म्हणावी, ‘मोडली’, की दवाखान्यात म्हणतात तशी ‘सेपरेट झाली’?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर आपल्या तोंडात तयारच आहे. ‘मोडली’ म्हणा. दोरा तुटतो, काच फुटते, कापड फाटतं. पण काठी मोडते, हाड मोडतं, सुई मोडते. ताणून दोन झालं ते तुटलं, वाकून दोन झालं ते मोडलं, असा ढोबळ भेद आहे. फांदी तुटतेही आणि मोडतेही, तेव्हा फार काटेकोर राहू नये. मला मात्र मोलाचा वाटतो तो वेगळाच प्रयोग: ‘पायात काटा मोडला’. काट्याचे दोन तुकडे झाले एवढंच यात नाही. टोक आत राहिलंय हेही त्यात आलं, आणि ऐकणारा लगेच सुई-चिमटा शोधायला उठतो. दातात फाइल मोडते तेव्हा नेमकं हेच झालेलं असतं. ‘तुटली’ म्हटलं तर आत काही राहिलं का ते कळत नाही. ‘वेगळी झाली’ म्हटलं तर काही बिघडलंय असंच वाटत नाही. तुकडा काढायचा, त्याच्या बाजूने वाट करायची, की तो तिथेच ठेवून नलिका भरायची, हे पुढचं सगळं बोलणं रुग्णाला आधी ‘आत काहीतरी राहिलंय’ हे कळण्यावर उभं आहे.

आता थकवा. धातूला शरीराचा शब्द लावायला माझी हरकत नाही, इंग्रजीनेही तेच केलं. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, तेव्हापासून आस का मोडतात याचा शोध जोरात सुरू झाला. १८५४ मध्ये फ्रेडरिक ब्रेथवेट या इंजिनिअरने आपल्या निबंधाच्या शीर्षकातच धातूंचा ‘फटीग’ लिहिला. पण आपला ‘थकवा’ सगळ्या अंगाला येतो, आणि ‘चक्रीय’ वाचलं की वादळ आठवतं. त्यापेक्षा ‘शिणणे’ घ्या. बारीक अक्षरं वाचून डोळे शिणतात. माणूस थकलेला नसतो, एकच अवयव तेच ते करून शिणलेला असतो.

फाइलचं तसंच होतं. १९८८ मध्ये दात सरळ करायच्या निकेल-टायटॅनियम तारेपासून या धातूच्या पहिल्या फाइली, हाताने फिरवायच्या, घडवल्या गेल्या, त्या वाकड्या मुळात सहज वळतात म्हणून. मशीनवर मिनिटाला ३०० फेरे धरले तर सेकंदाला पाच. वळणावर प्रत्येक फेऱ्यात फाइलची एक बाजू ताणली जाते, समोरची दाबली जाते, आणि अर्ध्या फेऱ्यात दोघींची अदलाबदल होते. बाइंडिंगची तार पुढे-मागे वाकवून मोडतो ना, तेच. ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही म्हण इथे लागू नाही. ही वाकते म्हणून कामाची, आणि वाकता वाकताच मोडते.

‘शीण’ एका ठिकाणी अडतो. माणसाचा शीण झोपेने उतरतो, धातूचा नाही. डबीत महिनाभर पडून राहिली तरी फाइल ताजी होत नाही. म्हणून ‘शीण आला’ न लिहिता ‘शीण साचला’ लिहा.

मोडण्याची दुसरी तऱ्हा पिळाची: टोक अडकतं आणि मागचा दांडा फिरतच राहतो. भिंगाखाली मोडलेल्या दोन फाइली शेजारी ठेवून पाहिल्यात. पिळवटून मोडलेलीची वेटोळी मोडल्या जागेपाशी उलगडून लांबलेली होती. शिणून मोडलेलीची शेवटपर्यंत जशीच्या तशी, जणू कुणी कात्रीने छाटली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळच आधी सुटायला लागतो, आणि बाहेर काढून पाहणाऱ्याला तो दिसू शकतो. शीण बहुधा दिसत नाही.

पत्रकात मी असं लिहीन: ‘मुळाच्या वळणावर फिरताना सुईत शीण साचतो, किंवा तिचं टोक अडकून ती पिळवटते. अशा वेळी ती दातात मोडू शकते. तसं झालं तर डॉक्टर तुम्हाला लगेच सांगतील.’ ‘फाइल’ नको, ‘सुई’च लिहा, खुर्चीत बसलेला माणूस तिला सुईच म्हणतो.