कोडिंगचा गंध नाही, पण गेम बनवायचाय. सुरुवात कुठून करू?

युनिटी की अनरियल, कुठलं गेम इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) घ्यावं, या घोळात महिना घालवू नका. गोडो हे इंजिन डाउनलोड करा. फुकट आहे, टूडी गेमसाठी साधा लॅपटॉप पुरतो आणि त्यातली कोडिंगची भाषा, जीडीस्क्रिप्ट, बरीचशी पायथन या भाषेसारखी दिसते. पहिला गेम म्हणून पाँग करा, अटारीचा १९७२चा. दोन फळ्या, एक चेंडू, बस्स. चेंडू वरच्या-खालच्या भिंतीला लागला की त्याच्या उभ्या वेगाचं चिन्ह उलटं करायचं, झाला टप्पा! फक्त वेगाला डेल्टाने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून (पडद्यावरच्या आधीच्या चित्रापासून) गेलेल्या वेळाने, गुणायला विसरू नका. मी विसरलो होतो. माझ्या खटाऱ्यावर रांगणारा चेंडू मित्राच्या नव्या मशीनवर, सेकंदाला कितीतरी जास्त फ्रेम पडल्याने, इतका पळाला की दिसेनासाच झाला. ओपन वर्ल्डचे अवाढव्य गेम वगैरे नंतर बघू, आधी पाँगला स्कोअर मोजायला लावा.