कडेने पळणारं रेझिन

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. कार्बन फायबरचं ९०० बाय ३०० मिमीचं पॅनेल व्हॅक्यूम इन्फ्युजनने करतो, म्हणजे साच्यावर कोरडं कापड अंथरून वर प्लास्टिकची बॅग लावतो, पंपाने हवा काढतो आणि नंतर घट्ट होणारं पातळ रेझिन आत ओढून घेतो. रेझिन एका आखूड कडेने सोडतो. ते लवकर पोहोचावं म्हणून बादलीतच ४५ अंशांपर्यंत तापवलं. दोन्ही बाजूंनी ते भराभर गेलं, पण मधला भाग कोरडाच राहिला. मोठा पंप घ्यावा का? – एक वाचक

उत्तर : पंपावर पैसे घालू नका. बॅग दाबते ती बाहेरची हवा, आणि पुण्याच्या उंचीवर तिचा दाब जेमतेम ०.९५ बार. पंपाकडची नळी बंद करून दहा मिनिटं गेज पाहा. काटा हलला तर गळती शोधा. नाही हलला, तर तुमचा पंप पुरेसा आहे.

दुखणं कडेला आहे. शेतात पाटाचं पाणी बांधालगतच्या फटीतून पळतं आणि वाफ्याचा मध्य तहानलेला राहतो, तसंच हे. कापड आणि सीलंट टेप (बॅग साच्याला चिकटवणारी पट्टी) यांच्यामधली मिलिमीटरभर फट रेझिनला हमरस्ता वाटते, कारण आतले तंतू जेमतेम ७ मायक्रॉनचे आणि दाटीने बसलेले. दोन्ही कडांचं रेझिन पुढे जाऊन मिळालं की मधली हवा कोंडते. मग कितीही वेळ थांबा, डाग जात नाही. कापड नेमकं कापा आणि टेप कडेला अगदी भिडवून लावा.

शिवाय रेझिन लांब कडेने सोडा. फ्रेंच अभियंते डार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी जो नियम मांडला, तोच इथे लागू पडतो: अंतर तिप्पट झालं की वेळ नऊपट. तुम्ही ९०० मिमी चालवताय ते ३०० वर येईल.

तापवल्याने रेझिन पातळ होतं हे खरं, पण दर १० अंशांना ते साधारण दुप्पट वेगाने घट्ट होऊ लागतं. बादली नको, साचा कोमट करा.

पावडर बाइंडर (कापडाचे थर एकमेकांना चिकटवणारी, उष्णतेने वितळणारी भुकटी) लावून इस्त्री फिरवत असाल तर हात हलका ठेवा. सुरुवातीला मी प्रीफॉर्म (साच्याच्या आकारात जुळवलेले कोरडे थर) नीट बसावा म्हणून जोर लावला होता. थर दबले, बाइंडर वितळून फटींत बसला आणि रेझिन अर्ध्यावरच अडलं. सहा थर कापड टाकून द्यावं लागलं, त्याची हळहळ अजून आहे.

पुढच्या वेळी बॅगेवर मार्करने दर मिनिटाला रेझिनची कड आखत जा आणि तो फोटो मला पाठवा. रेषा कुठे वाकतात ते पाहून पुढचं सांगते.