‘प्रोबायोटिक’ म्हणजे चांगले जीवाणू?

प्रश्न असा आहे: ‘प्रोबायोटिक’ला मराठीत ‘चांगले जीवाणू’ म्हणावे का? आणि ‘प्रोबायोटिकने प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य बरोबर आहे का?

‘चांगले जीवाणू’ बोलताना खपून जाते, लिहिताना अडते. सगळी प्रोबायोटिके जीवाणू नसतात. जुलाबावर दिले जाणारे सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे. प्रतिजैविकाने (अँटिबायोटिकने) जीवाणू मरतात, यीस्ट मरत नाही. म्हणूनच जीवाणूंची पुडी प्रतिजैविकाबरोबर न घेता साधारण दोन तासांच्या अंतराने घ्यायला सांगतात. यीस्टला ती अट नाही. तेव्हा शब्द हवा ‘सूक्ष्मजीव’. ‘जंतू’ तर नकोच. ‘जंतुनाशक’, ‘जंतुसंसर्ग’ यांमुळे तो कायमचा रोगाला चिकटला आहे.

शिवाय आतड्यात मुळातच राहणारे उपकारक सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या व्याख्येत तीन अटी आहेत: सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा मात्रेत दिलेले हवेत आणि त्यांचा आरोग्याला फायदा व्हायला हवा. दही कढवले की पहिलीच अट मोडते. मात्रा ‘सीएफयू’मध्ये मोजतात, म्हणजे वाढून वसाहत करू शकणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या. वेष्टनावरचा आकडा बनवतानाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हे पाहावे. साठवणीत, विशेषतः उष्णतेत, ते मरत जातात.

‘प्रजैविक’ हा प्रतिशब्द सुचवला जातो. मला तो धोक्याचा वाटतो. ‘प्रतिजैविक’ आणि ‘प्रजैविक’ यांत एका अक्षराचा फरक, आणि कामे जवळजवळ उलटी! ‘प्रीबायोटिक’ आणखी वेगळे: इन्युलिनसारखे अन्नातले तंतू (फायबर), म्हणजे या सूक्ष्मजीवांचे खाद्य.

आता ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य. ‘वाढते’ हे क्रियापद इथे चुकते. ॲलर्जीत प्रतिकारयंत्रणा गरज नसताना पेटून उठते. ती आणखी वाढावी असे कोण म्हणेल? शिवाय परिणाम प्रजातीतल्या ठरावीक वाणावर अवलंबून असतो; लॅक्टोबॅसिलस या जीवाणूच्या एका वाणाचा गुण दुसऱ्याच्या नावावर लिहिता येत नाही. ‘प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब काही प्रोबायोटिकांनी टळू शकतात’ असे नेमके लिहावे. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांबद्दल लिहिताना ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानेच’ हे शब्द गाळू नयेत. त्यांच्यात हेच सूक्ष्मजीव क्वचित रक्तात शिरून संसर्ग करतात.

शब्द नपुंसकलिंगी चालवावा: ते प्रोबायोटिक, ती प्रोबायोटिके.