महिना पन्नास रुपयांसाठी पेढीचा फोन?

सांगली मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी असलेल्या वाचकाचा प्रश्न आहे. घरी डिशचा रिचार्ज महिना ३५० रुपये आणि चार ओटीटी ॲपचे मिळून महिना ६००. ओळखीतल्या एका मुलानं वर्षाला १,२०० रुपयांत ‘सगळं एकात’ देणारं ॲप देऊ केलंय: नवे सिनेमे, मालिका, थेट क्रिकेट. दोन दिवसांची ट्रायल म्हणून फोनवर टाकूनही दिलंय. बेत असा की चारही ॲप बंद करायची, वर्षाचे ६,००० वाचवायचे आणि आठ वर्षांच्या मुलीसाठी म्युच्युअल फंडात महिना ५०० ची एसआयपी सुरू करायची. शिवाय तेच कनेक्शन शेजारच्या तीन घरांना तीनतीनशे रुपयांत देऊन खर्चही भरून काढायचा. ‘बघणाऱ्याला कोण पकडतंय, मग नुकसान कसलं?’ असं ते विचारतात.

दिवाणजी, आकडेमोड चोख आहे. महिना ५०० रुपये, वीस वर्षं आणि १२ टक्के परतावा धरला तर सुमारे ५ लाख होतात. १२ टक्के कोणी लिहून देत नाही, तेव्हा १० टक्क्यांनी ३ लाख ८३ हजारांच्या आसपास धरून चला. तरीही बेत चांगलाच आहे. फक्त तुम्ही एका बाजूला चारही ॲप बारा महिने चालू धरलीत आणि दुसऱ्या बाजूला हे चोरीचं ॲप. यांच्या मधली वाट तुमच्या कागदावर आलेलीच नाही.

ती मांडून बघू. आईच्या मालिका स्टार प्रवाह आणि झी मराठीवर आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. ही चॅनेल तुमच्या ३५० च्या पॅकमध्ये येतात. त्याच मालिकांसाठी जिओहॉटस्टार आणि झी५ चे वेगळे पैसे म्हणजे एका पोत्याची हमाली दोनदा देणं. उरलेली दोन ॲप एका वेळी एकच ठेवा. महिनाभर बघायचं, बंद करायचं, मग दुसरं घ्यायचं. त्याआधी सगळ्यांच्या मोबाइल रिचार्जचे आणि घरच्या इंटरनेटचे प्लॅन उघडून बघा, कारण कित्येक प्लॅनमध्ये एखादं ओटीटी आधीच फुकट असतं आणि लोक त्याचेच पैसे दुसरीकडे भरत असतात. एवढं केलंत की ॲपचा खर्च सरासरी महिना १५०, वर्षाला १,८०० वर येतो. बचत ५,४००.

चोरीच्या ॲपनं वाचणार होते ६,०००. फरक वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिना ५०. तुमची जवळजवळ सगळी बचत चार ॲप कमी केल्यामुळे होतेय, त्या मुलाच्या ॲपमुळे नाही. सौदा करायचा तो फक्त या पन्नास रुपयांचा.

आता त्या पन्नास रुपयांसाठी काय पणाला लागतंय ते बघा. हे ॲप प्ले स्टोअरवरचं नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, ‘अनोळखी स्रोत’ची परवानगी देऊन बसवलेली. अशा फाइलीत काय भरलंय हे देणाऱ्या मुलालाही बहुधा ठाऊक नसतं, तोही वरून आलेलं पुढे ढकलतो. लग्नपत्रिकेच्या आणि आरटीओ चलनाच्या नावानं फिरणाऱ्या एपीके फाइलींनी खाती रिकामी होतात तेही याच वाटेनं. ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ॲक्सेसिबिलिटी चालू करायला सांगतं आणि आपण सिनेमाच्या घाईत ‘अलाऊ’ दाबत जातो. मग ओटीपी तुमच्याआधी दुसराच वाचतो, पडद्यावर काय टाइप केलंत तेही त्याला दिसू शकतं. लिलावात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय तुमच्या पेढीवर कोणी बोली बोलत नाही, आणि इथे पोतं न उघडताच घरात घेतलंय.

दुसऱ्या कोणाला मी कदाचित ‘जुना फोन वापरा’ एवढंच सांगितलं असतं. पण तुमच्या पत्राच्या तळाशी एक ओळ आहे, जी तुम्ही सहज लिहून गेलात: पेढीच्या खात्याचे ओटीपी याच फोनवर येतात. हळदीच्या हंगामात शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचे, किती पैसे त्या खात्यातून जातात ते मी तुम्हाला सांगायला नको. एका पट्टीची रक्कम गेली तरी एसआयपीची कित्येक वर्षं गेली. आणि गेलेल्या पैशांपेक्षा मालकांसमोर उभं राहणं अवघड.

बँक भरून देईल, या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार चूक बँकेची नसेल, तुमचीही नसेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भार येत नाही. पण नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणानं झालं असेल, तर कळवेपर्यंत गेलेली रक्कम ग्राहकाचीच. स्वतःच्या हातानं बसवलेली एपीके निष्काळजीपणात बसते की नाही, यावर भांडायची वेळ आणूच नये. ठेवींवरचा ५ लाखांचा विमाही इथे उपयोगाचा नाही. तो बँक बुडाली तर मिळतो, फसवणुकीत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. नेमका सल्ला वकिलाचा घ्या. घरात बसून बघणाऱ्यामागे पोलीस सहसा लागत नाहीत, हे तुमचं म्हणणं व्यवहारात खरं आहे. पण शेजारच्या तीन घरांकडून तीनतीनशे घेतलेत की तुम्ही नुसते बघणारे राहत नाही, पुरवणारे होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमात, जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला किंवा त्याला मदत करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेली दुरुस्ती सिनेमाच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांसाठी आणि दाखवणाऱ्यांसाठी दंडाच्या बाबतीत आणखी कडक आहे. ९०० रुपयांसाठी हे अंगावर घ्यायचं का? तो भाग बेतातून सरळ खोडून टाका.

आणि ही सेवा वर्षभर टिकेल, असं कोण सांगतंय? दिल्ली उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये अशा साइट नाव बदलून परत आल्या तरी बंद करता येतील असा मार्ग काढून दिला, आणि ऐन स्पर्धेत त्या बंद पडतात. पावती नाही, तक्रार करायला जागा नाही.

क्रिकेटचा प्रश्न राहिला. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्यात येतात, आयपीएल येत नाही. हे सामने डीडी फ्री डिशवर दिसतात, खासगी डिशवर किंवा केबलवर दूरदर्शनचं ते प्रक्षेपण येत नाही. फ्री डिशला महिन्याचा रिचार्ज नाही, एकदाच काय तो खर्च. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲपही नोव्हेंबर २०२४ पासून आहे. दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आईंना त्यावर आवडतील. आयपीएलपुरतं एक ॲप दोन महिने घ्या, ते वरच्या १,८०० मध्ये बसवता येईल.

आज संध्याकाळी करायची कामं. फोनचं इंटरनेट बंद करून ते ॲप काढा. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत अनोळखी काही दिसतं का बघा. फोटो, नंबर बाजूला काढून फोन फॅक्टरी रीसेट करा. पिन आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. मालकांना आपणहून सांगा आणि ओटीपीचा नंबर साध्या बटणाच्या फोनमध्ये हलवा. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. नको असलेली ओटीटी नुसती फोनवरून काढून टाकली तर पैसे कापणं थांबत नाही. यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’मध्ये जाऊन प्रत्येक मंजुरी रद्द करा.

एसआयपी ५०० चीच ठेवा, कमी पडणारे ५० खिशातून घाला. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलींसाठीचं सुकन्या समृद्धी बचत खातं दहा वर्षांच्या आत उघडावं लागतं आणि २५० रुपयांत उघडतं. तेही याच महिन्यात उरकून घ्या.

त्या मुलाला १,२०० रुपये दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर सोडून द्या. ‘रिफंडसाठी लिंक दाबा, पिन टाका’ असं त्यानं किंवा दुसऱ्या कोणी सांगितलं तर फोन ठेवा. पैसे खात्यात यायला यूपीआय पिन लागत नाही.